गुणवंतरावांची हजेरी

मे महिन्यात दुपारी आमच्या वस्तीतली वीज गेली की आधी आवाज जातो. प्रत्येक घराच्या खिडकीला कूलर असतो आणि त्याची घरघर सकाळपासून कानात इतकी मुरलेली असते की ती ऐकू येतच नाही. वीज गेली की सगळे कूलर एकदम थांबतात. मग लक्षात येतं की रस्त्यावर एक कुत्रंही नाही, कडुनिंबाचं पान हलत नाही, आणि दोन घरं सोडून ठिबकणारा नळ आपल्या खोलीत ऐकू येतो आहे.

अशा वेळी फाटकाशी एक माणूस उभा दिसायचा. डोक्याला आणि तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. नागपूरच्या उन्हात अर्धं शहर तसंच फिरतं, त्यात काही नवल नाही. पण हा माणूस फिरत नसे. मान किंचित तिरपी करून, भर उन्हात उभा राहून, तो आमच्या घराकडे कान लावून असे. दोन-तीन मिनिटं. मग पुढच्या फाटकाशी.

पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मी खिडकीचा पडदा ओढून घेतला होता.

"काहून वं? कोन आहे?" आतून बाबांनी विचारलं.

"कुणी नाही. कुणीतरी उभं आहे."

"मंग आहे का नाई आहे?" बाबा म्हणाले, आणि त्या एवढ्याशा वाक्याने त्यांना दम लागला.

ते गुणवंतराव होते. अमरावती रोडवर वाडीला ट्रान्सपोर्टची गोदामं आहेत, त्यांच्या मागच्या बाजूला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. घरगुती जनरेटर दुरुस्त करणं, कुणाला कोणता लागेल ते सांगणं आणि तो बसवून देणं हा त्यांचा धंदा. मूळचे नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातले. घरी संत्र्याची बाग होती, ती पूर्वी धाकटा भाऊ पाहायचा. साठीचे असावेत. उंच, वाळलेले, बोटांच्या पेरांत काळं तेल कायमचं बसलेलं. वस्तीतले लोक त्यांना बोलवायचे सगळे, पण काम झालं की ते कधी जातात याची वाट बघायचे. समोरच्या मोहोडकाकू तर उघड म्हणायच्या, "त्या माणसाची नजर घरातली डोकी मोजते."

मोजायचे खरेच. ते मला पुढे कळलं.

आमच्याकडे ते आले बाबांमुळे. बाबांची सगळी नोकरी जिनिंगमध्ये, कापसाच्या धुळीत गेली होती आणि शेवटी फुप्फुसांनी हात टेकले. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं यंत्र दिलं. ते विजेवर चालायचं. छोटा सिलिंडर जोडीला होता, पण तो दीड तासच पुरायचा, आणि इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झाली होती. एका दुपारी वीज तीन तास आली नाही. त्या तीन तासांतला शेवटचा अर्धा तास मी बाबांच्या नखांकडे बघत काढला. दुसऱ्या दिवशी, मी शिकवते त्या शाळेतून परस्पर वाडीला गेले.

मला मोठा जनरेटर हवा होता. सगळं घर चालेल असा. गुणवंतरावांनी ऐकून घेतलं, घरी आले, दाराबाहेर उभं राहूनच म्हणाले, "ताई, एक कागद घ्या. जे बंद पडलं तर मानूस बंद पडते, ते वर लिहा."

मी बाबांचं यंत्र लिहिलं.

"आता बाकी लिहा."

फ्रिज, कूलर, पाण्याचा पंप, टीव्ही, वॉशिंग मशीन. त्यांनी माझ्या हातून पेन घेऊन पंप खोडला, वॉशिंग मशीन खोडलं. "मोटर उठताना लय ओढते. चालू झाली की गरीब होते, पन उठताना तिप्पट मागते. तुमचा पंप उठला की बाबाजीचं मशीन आचका देईल. पानी आधी भरून ठेवजा." मग कूलरवर बोट ठेवून थांबले. "कूलर बंद पडला तर काय होते?"

"घाम येतो."

"मंग येऊ द्या."

दोन केव्हीएचा, पेट्रोलवर चालणारा साधा जनरेटर त्यांनी ठरवला. दुकानदार असून लहान वस्तू गळ्यात मारणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. लाईनची वीज आणि जनरेटरची वीज कधी एका तारेत भेटू नये म्हणून मीटरजवळ वेगळा स्विच बसवला. "भेटली तर तुमचं काही जात नाई. खांबावर चढलेला लाईनमन मरते," असं स्विच घट्ट करता करता सांगितलं. त्यांच्या बोलण्यात मरण असं मध्येच यायचं, आवाज न बदलता.

आणि मग जागा. मी म्हटलं, मागच्या भिंतीशी ठेवू, वर छज्जा आहे, ऊन-पाऊस लागणार नाही. त्यांनी खिशातून उदबत्तीचा पुडा काढला, एक पेटवली, आणि जिथे जनरेटरची धुराची नळी आली असती तिथे विटेच्या फटीत खोचली. भर दुपार होती. हवा मुळीच नव्हती. धूर सरळ वर जाईल असं मला वाटलं होतं. तो हातभर वर गेला, मग वाकला. भिंतीला लागून, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवरून, तो हळूहळू सरकायला लागला. गुणवंतराव त्याच्या मागे एकेक पाऊल टाकत चालले, अगदी लहान मुलाच्या मागे चालावं तसे. न्हाणीघराची खिडकी त्याने सोडली. स्वयंपाकघराची सोडली. कोपरा वळला, आणि बाबांच्या खोलीच्या खिडकीशी येऊन, जरासा थांबून, जाळीतून आत गेला.

आतून बाबा म्हणाले, "कोन उदबत्ती लावून राहिलं वं?"

गुणवंतरावांनी दुपट्ट्याने मान पुसली.

"पाहिलं? हा उदबत्तीचा, म्हनून दिसला, वास आला. मशीनच्या धुरात जे मारते ना, त्याले रंग नाई, वास नाई."

त्या दिवशी त्यांनी सहा ठिकाणी उदबत्त्या लावल्या. शेवटी समोरच्या अंगणात, फाटकाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, घरापासून वीस पावलांवर जागा ठरली. तिथे चार पायांवर पत्रा ठोकला, चारही बाजू उघड्या. मी लांब तारेची कुरकुर केली. त्यांनी ती मनावर घेतली नाही.

त्यांच्या काही सवयी होत्या. जनरेटर बंद केल्यावर घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबायचे आणि मगच पेट्रोल ओतू द्यायचे. महिन्यातून एकदा, वीज असो नसो, मशीन भार देऊन चालवायला लावायचे. आम्ही चहा दिला तर बाहेर प्यायचे. कितीही ऊन असो, घरात बसायचे नाहीत. फार आग्रह केला तर दाराच्या चौकटीत, एक पाय बाहेर ठेवून. खिडकी बंद दिसली की बोलता बोलता हात जायचा आणि ती उघडली जायची. दुसऱ्याच्या घरातलीसुद्धा.

आणि हजेरी. वीज गेली आणि ते वस्तीत असले की दर फाटकाशी थांबून, कुणाचं मशीन घरात तर चालत नाही ना, ते ऐकायचे. वीज गेली आणि ते आसपास नसले की ज्या ज्या घरी त्यांनी जनरेटर बसवला होता तिथे फोन यायचा. "मशीन बाहेर आहे ना? आता सगळ्यांले बोलायले लावा." नुसतं सगळे ठीक आहेत म्हटलेलं चालत नसे. प्रत्येकाने फोनवर येऊन आपलं नाव सांगायचं. मी शाळेत रोज हजेरी घेणारी बाई, मला हसू यायचं. बाबांना तर तो खेळच झाला होता. "नामदेव, हजर!" असं ते नाकातली नळी सावरत ओरडायचे.

एकदा त्यांनी थट्टा केली. आपलं नाव सांगून झाल्यावर, आवाज बारीक करून, माझ्या आईचं नाव घेतलं. "सुमन, हजर." आईला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

फोन स्पीकरवर होता. गुणवंतराव म्हणाले, "असं नोका करू बाबाजी. हजेरी घेतली की ते येतात."

संध्याकाळी बाबांनी आईची खुर्ची त्यांच्या पलंगाजवळून हलवायला सांगितली.

हे सगळं कशापायी, ते त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं. फाटकाजवळ पत्र्याखाली बसून ते जनरेटरचा प्लग साफ करत होते. बाबा त्या दिवशी बरे होते, खुर्ची टाकून ओसरीत बसले होते. बाबांनी सहज विचारलं, "गावाले जाता का नाई कधी?"

"घर बंद आहे," गुणवंतराव म्हणाले. मग प्लगवरून पॉलिश पेपर फिरवत राहिले आणि त्याच लयीत बोलत गेले. गावात तीन दिवस लाईन नव्हती. त्यांनीच धाकट्या भावाला, विलासला, एक जनरेटर नेऊन दिला होता. चांगला होता, स्वतः खोलून बांधलेला. पाऊस लागला म्हणून विलासने तो मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, घेतला. सपरीचं दार स्वयंपाकघरात उघडत होतं. घरात विलास, त्याची बायको आणि म्हातारी आई.

"मी सकाळच्या एसटीनं गेलो. फाट्यावर उतरलो तं मशीनचा आवाज ऐकू आला. असं मस्त चालून राहिलं होतं बाबाजी, एक ठोका चुकत नव्हतं. मले वाटलं, झोपले आहेत, काहून उठवू. बाहेर ओट्यावर बसलो. अर्धा तास. आपल्या हाताचं मशीन कसं चालते ते ऐकत बसलो."

त्यांनी प्लग उन्हात धरून पाहिला.

"डॉक्टर म्हने, अर्ध्या तासानं काई फरक पडला नसता. असं म्हने तो."

बाबांनी नुसता हात पुढे केला, पण वीस पावलांचं अंतर होतं, तो पोचणार नव्हता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते मोहोडांचं झालं. मोहोडकाका-काकू आमच्या समोरच्या घरात राहायचे. दोघंच, मुलगी लग्न होऊन पुण्याला. त्यांचा जनरेटरही गुणवंतरावांनीच बसवलेला, अंगणात, पत्र्याखाली. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आभाळ एकदम पिवळं पडलं आणि वादळ आलं. धूळ, मग गारा. वीज गेली. आमचा जनरेटर मी सुरू करून आले, खिडक्या लावल्या, बाबांचं यंत्र तपासलं. बाहेर इतका अंधार होता की घरांचे नुसते आकार दिसत होते. फक्त मोहोडांचं घर लख्ख उजळलेलं होतं. सगळे दिवे. मला जरा हेवासुद्धा वाटला.

अर्ध्या तासाने फोन वाजला. अनोळखी नंबर होता, आवाज गुणवंतरावांचा. ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कळमन्याच्या बाजारात होते. शेजारच्या अडत्याचा फोन मागून घेतला होता.

"ताई, मोहोडांनं फोन उचलला, पन कोनी बोलून नाई राहिलं. मी लाईन चालूच ठेवली आहे माझ्या फोनवर. टीव्ही ऐकू येते. मशीन ऐकू येते. पन मशीनचा आवाज भिंतीले लागून येऊन राहिला. मशीन घरात आहे. तुम्ही जा. दार उघडा, श्वास धरा, आधी मशीन बंद करा. खिडक्या उघडा. आत श्वास नोका घेऊ. अजिबात नोका घेऊ."

मी रस्ता ओलांडला तेव्हा गारा पाठीवर बसत होत्या. आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता, पुष्कळ माणसांचा. दार नुसतं लोटलेलं होतं. मी उघडलं, मोठा श्वास घेतला आणि आत शिरले.

टीव्हीवर कसलासा विनोदी कार्यक्रम होता आणि त्यातले लोक हसत होते. पंखा फिरत होता. मोहोडकाका खुर्चीत होते, काकू सोफ्यावर, दोघांचे चेहरे टीव्हीकडे. इतके टवटवीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, गाल लालसर, ओठ जरासे उघडे. डोळे अर्धे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं की आता कुणीतरी मान वळवून "ये, बस" म्हणेल. काकूंच्या मांडीवर फोन होता आणि त्यातून गुणवंतरावांचा आवाज येत होता, अजिबात घाई नसलेला, पुन्हा पुन्हा तोच: "मोहोडकाकू... मोहोडभाऊ... मोहोडकाकू..."

जनरेटर घरातल्या आतल्या बोळात होता. मी बटण दाबलं. पंखा मंदावला, हसणारी माणसं गेली, आणि त्या अंधारात फक्त तो फोनमधला आवाज उरला. खिडकी उघडताना माझा श्वास संपला. बाहेर धावले, दोन श्वास घेतले, परत आत गेले. तीन खेपांत सगळ्या खिडक्या झाल्या. चौथ्या खेपेला काकूंना काखेत हात घालून ओढत ओसरीवर आणलं. वादळात अडकलेले दोन मोटारसायकलवाले कोपऱ्यावरच्या दुकानाच्या छपराखाली उभे होते, ते माझी हाक ऐकून आले, त्यांनी काकांना आणलं. गारा वितळत होत्या, त्यात आम्ही दोघांना निजवलं. काकूंना उलटी झाली तेव्हा मी आनंदाने रडले. काका मात्र हललेच नाहीत. अँब्युलन्समध्ये घालतानासुद्धा नाही.

चार दिवसांनी ते शुद्धीवर आले. दोघंही घरी परतले. काकू पूर्वीसारख्या झाल्या, फक्त गुणवंतरावांच्या नजरेबद्दल पुन्हा कधी बोलल्या नाहीत. काकांना थोडा विसराळूपणा कायमचा राहिला. मुलीचं नाव आठवायला त्यांना वेळ लागतो.

ते घरी आल्यावर आठवड्याने गुणवंतराव भेटायला आले. मी तिथेच होते. पहिल्यांदाच मी त्यांना घरात येऊन खुर्चीवर बसलेलं पाहिलं, दोन्ही पाय आत. जनरेटर आत का घेतला, असं ते रागावतील म्हणून काकू आधीच पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. पण ते काकांच्या अगदी जवळ सरकले.

"भाऊ, तुम्हाले मी हाका मारून राहिलो होतो. ऐकू येत होतं?"

काकांनी बराच वेळ विचार केला. "येत होतं ना."

"मंग बोलले काहून नाई?"

"बोलावंसंच नाई वाटलं गा," काका म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला न आवडलेलं हसू आलं. "लय चांगलं वाटत होतं. घर भरल्यासारखं. सगळे आहेत असं वाटत होतं. कोनी कुठं गेलंच नाई असं."

"दुखत नव्हतं?"

"नाई बा."

"भीती?"

"कायची भीती? मले तं तुमचाच राग आला. काहून बोलावता म्हटलं."

गुणवंतरावांनी दोन्ही हातांनी काकांचा हात धरला. त्यांचे खांदे हलायला लागले. कसलाही आवाज न करता ते रडत होते, आणि मोहोडकाका, ज्यांना समोरचा का रडतो आहे हेही नीट उमगत नव्हतं, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होते.

त्यानंतर वीज गेली तरी गुणवंतरावांचा फोन येईना. पावसाळ्यात वाडीला गेले तर शेडला कुलूप होतं. शेजारच्या गोदामाचा चौकीदार म्हणाला, गावाले गेले, घर उघडलं म्हणे.

बाबा त्या हिवाळ्यात गेले. सकाळी, चहा पिऊन, मला "थोडा पडतो" सांगून. वीज होती, यंत्र चालू होतं. त्यात कुणाची चूक नव्हती.

मार्चमध्ये परीक्षेच्या कामासाठी माझी नरखेडकडे नेमणूक झाली. काम लवकर आटोपलं तशी मी एसटीने गुणवंतरावांच्या फाट्यावर उतरले. गावात लाईन नव्हती. संत्र्याच्या बागा दोन्ही बाजूंना आणि मधून पांढरी वाट, दुपारचे दोन. विचारत विचारत गेले. घर लांबून ओळखू आलं, कारण त्याला एकही खिडकी राहिली नव्हती. खिडक्यांची लाकडी दारं बिजागऱ्यांतून काढून भिंतीला ओळीने टेकवून ठेवलेली. मागचं, पुढचं, सगळी दारं सताड उघडी, इतकी की समोरून पाहिलं तर घरातून पलीकडची बाग दिसत होती.

ते ओसरीवरच्या बंगईवर बसले होते. लोखंडी कड्यांना टांगलेली जुनी रुंद फळी, तिघं आरामात मावतील अशी. मला पाहून उठले, पाणी आणलं. मी बाबांचं सांगितलं.

"लाईन होती?"

"होती."

"मंग ठीक आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "ठीक आहे ताई."

मी म्हटलं, तुमच्याकडे मशीन दिसत नाही. ते म्हणाले, मले कायले पाह्यजे. आमच्या जनरेटरचं काय करू, मी विचारलं. "ज्याच्या घरी कोनी मशीनवर जगते, त्याले द्या. पन तुम्ही सोता जाऊन जागा पाहून द्या." त्यांचा चेहरा भरला होता. दाढी केलेली, सदरा धुतलेला. बोलता बोलता दोनदा त्यांनी आत मान वळवून पाहिलं, पण आत कुणी नव्हतं. आरपार नुसती बाग दिसत होती. एकटे राहता का, असं मी विचारणार होते. विचारलं नाही.

एसटीची वेळ झाली तशी मी निघाले. ते फाटकापर्यंत आले नाहीत, तिथूनच हात केला. वाटेला लागल्यावर मी वळून पाहिलं. ते बंगईच्या मधोमध बसले होते. मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं, जरासे हसले, आणि एका बाजूला सरकून फळीवर जागा करून दिली.